दोरीवरचं कापड

"आमच्या घरी तर उन्हातच वाळतं," असं वर्षाराणी माइकवर म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य कागदावर नव्हतंच. कागदावरचं सगळं बोलून झालं होतं. पाळीचं कापड सुती असावं, साबणानं धुवावं, दिवसातून तीन-चारदा बदलावं, ओलं कधीच वापरू नये, आणि वाळवावं उन्हात, कारण ऊन फुकट असतं आणि जंतू त्याला घाबरतात. हे शेवटचं तिचं स्वतःचं होतं. सौदामिनी मॅडमनी त्याच्याखाली लाल रेघ ओढून 'छान' असं लिहिलं होतं. तिथंच थांबून धन्यवाद म्हणायचं आणि खाली उतरायचं, एवढं साधं काम. पण पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या आरोग्य खात्याच्या तिघी पाहुण्या मान हलवत होत्या, त्यातल्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, मागं नववी ब च्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, आणि वर्षाराणीच्या अंगात हल्ली जे येतं ते आलं. जूनपासून येत होतं. त्याआधी ही पोरगी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायची. जूनमध्ये मॅडमनी तिला किशोरी गटाची प्रमुख केलं, कपाळावर आठी न आणता चार पोरींसमोर बोलायला लावलं, आणि मग तिला कळलं की आपला आवाज चांगला आहे, खणखणीत आहे, मैदानाच्या टोकाला चिंचेखाली उभ्या असलेल्या शिपाईमामांपर्यंत जातो. एकदा हे कळल्यावर कोण गप्प बसतं? त्या आवाजानंच पुढचं वाक्य आपलं आपण काढलं. टाळ्या पडल्या. चांगल्या भरघोस पडल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये, निळ्या फ्रॉकच्या आत, मांड्यांच्या मधोमध, सकाळी घाईत घेतलेलं अर्धं ओलं कापड तिला कचकन चावलं.

पायऱ्या उतरताना ती पाय जरा फाकवूनच उतरली. ही सवय चार महिन्यांची. आधी नुसती खाज होती, मग लाल पुरळ, मग चालताना मीठ चोळल्यासारखी आग. तिसरा दिवस म्हणजे आगीचा दिवस. वर्गात बसताना ती एका अंगावर बसायची, बाकावरच्या स्वप्नालीनं विचारलं तर म्हणायची, "कंबर धरली गं." खोटं बोलायचं तर मग कंबर बरी पडते, कंबर कोण उघडून बघत नाही. ती विचार करत होती की धन्यवाद म्हणालो का आपण, आणि तेवढ्यात सौदामिनी मॅडम पुढं आल्या, नांदेडकडच्या, इस्त्रीच्या साडीतल्या, आनंदानं नुसत्या फुललेल्या. "अगं वर्षाराणी, काय बोललीस! पाहुण्यांना तुझं घर बघायचंय. बारा वाजता येतो आम्ही. एक फोटो काढू, दोरीचा. वस्तीतलं एक तरी घर दाखवता येईल बघ." वर्षाराणी "हाव मॅडम" म्हणाली. तोंड हसत होतं. तोंडाला बाकीच्या अंगाची खबरच नव्हती.

शनिवारची शाळा साडेदहाला सुटते. शाळेपासून वस्तीपर्यंत चालत वीस मिनिटं, दालमिलच्या लांबलचक भिंतीकडेनं. ही वाट तिच्या पायाखालची होती, पण आज प्रत्येक दोरी तिच्या अंगावर येत होती. दोऱ्या किती असतात! एवढ्या दोऱ्या तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. भिंतीच्या खिळ्यापासून विजेच्या खांबापर्यंत, खांबापासून उभ्या रिक्षाच्या टपापर्यंत. त्यांच्यावर सदरे, लुंग्या, लेकरांच्या दुपट्यांची रांग, पुरुषांच्या भोकं पडलेल्या बनियनी, चड्ड्या सुद्धा, बिनघोर, वाऱ्यावर नाचत. शेजारच्या नागुबाईच्या नवऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तर वर्षभर त्याच खांबाला असते, पत्ता सांगताना लोक तिची खूण सांगतात. आणि बायकांचं काय दिसतं? साड्या दिसतात, परकर दिसतात. परकराखाली काय असतं ते फक्त परकराला माहीत. म्हणजे या अख्ख्या वस्तीत, तिनं मनात हिशेब न करता नुसता अंदाज घेतला, सत्तर-ऐंशी बायका-पोरी, दर महिन्याला चार-पाच दिवस प्रत्येकीचे, तरी आजवर या वस्तीच्या उन्हानं एकसुद्धा कापड बघितलेलं नाही. ऊन विचारत असेल, या बायकांना काही होतच नाही का?

त्यांच्या घराची जागा मात्र ठरलेली. घराच्या मागचा पत्रा आणि मिलची भिंत यांच्या मधली बोळ, हातभर रुंद. तिथं आडवं झाल्याशिवाय शिरता येत नाही. भिंतीला एक खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीवर एक फाटका तपकिरी परकर कायम लटकवलेला, आणि त्याच्या आत कापडं. वरून पत्र्याचं पाणी ठिबकतं, खालून मोरीचं पाणी झिरपतं, उन्हाची तिरीप सकाळी पाच मिनिटं येते ती पण मिलच्या चिमणीवरून उतरली तर. थंडीत तिथं कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. बोटानं दाबलं की गार लागतं, नाकाशी नेलं की ओल्या पोत्याचा वास. मागच्या दिवाळीला त्यात इंगळी निघाली होती, नांगी उचललेली. माय ओरडली नाही. तिनं चपलेनं मारली, कापड झटकलं आणि म्हणाली, "घ्यायच्या आधी झटकत जा." बास. इंगळी निघाली तर झटकायचं, एवढंच शिक्षण. नागुबाईचं शिक्षण त्याच्याहून वरचढ. तिच्या मते कापडावर सापाची नजर पडली की बाईला लेकरू होत नाही, म्हणून झाकायचं. वर्षाराणीनं एकदा विचारलं होतं, "मावशी, मग साप बोळीत जास्त येईल का दोरीवर?" नागुबाई म्हणाली, "लई बोलाया लागलीस तू शाळेत जाऊन."

पॅड होते. शाळेतून मिळायचे, मग दोन महिने आलेच नाहीत, मग आले तेव्हा एकेकीला दोन. ते दोन तिनं परीक्षेसाठी ठेवलेले. मेडिकलमधला माणूस पुडा पेपरात गुंडाळतो, वर काळी पिशवी, वर सुतळी, आणि असा देतो की जणू गांजा. आणि वापरल्यावर टाकायचा कुठं? मागं एकदा कुत्र्यानं गटारीतून ओढून भर चौकात आणला होता, पोरं दगड मारत होती, आणि वस्तीतल्या सगळ्या बायका एकदम घरात शिरल्या, जशी काही प्रत्येकीला तिचाच ओळखू आला. तेव्हापासून मायनं सांगितलं, कापडच बरं. मायची जुनी सुती लुगडी तीन होती. एक संपलं. दुसरं चाललंय.

दार उघडंच होतं. अव्वा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. अव्वा म्हणजे बापाची आई, गुरम्मा, उदगीरच्या पलीकडची, निम्मं कानडी बोलणारी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि तोंडात तपकीर. "का गं, लौकर?" "शनिवार हाय अव्वा." "तोंड का असं? मार खाल्लीस का?" "टाळ्या खाल्ल्या," वर्षाराणी म्हणाली आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्याली, मग आठवलं की रांजणात पाणी जपून, नळ मंगळवारी आला होता, आता पुढच्या गुरुवारी. पाणी जपून म्हणजे धुणं जपून. धुणं जपून म्हणजे कापड एका तांब्यात. ती भाषणात 'भरपूर स्वच्छ पाण्यानं' म्हणाली होती की. तेही म्हणाली होती.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी. ती आत फेऱ्या मारू लागली; घर चार पावलांचं, फेरी कसली, चार पावलं आणि वळण. मॅडमना निरोप द्यावा का, की घरी पाहुणे आलेत, कोणी वारलं, अव्वा आजारी? अव्वा लसूण सोलता सोलता खणखणीत शिंकली. आजारी कशाची! खरं सांगून टाकावं का? मॅडम, मी खोटं बोलले. एवढं वाक्य तिनं ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, तर तोच आवाज, मैदानभर जाणारा, आतून बेडकासारखा निघाला. जूनच्या आधीचा. तो परत यायला टपलेलाच होता. तिला वाटलं, हे एक वाक्य मी म्हणाले की तो कायमचा येऊन बसणार. मग गटाची प्रमुख दुसरी कुणी होईल, स्वप्नाली होईल, आणि मी परत बाकाखाली बघणार. नाही. काही झालं तरी ते नाही.

"अव्वा," ती एकदम म्हणाली, "आपल्यात विटाळ पाळत न्हाईत ना?" "आपल्यात?" अव्वानं लसणाची पाकळी हवेत धरली. "लिंग बांधलेल्या बाईला कसला विटाळ? माझी सासू त्या चार दिसांत पूजा करायची, मी बी केली. ह्या वस्तीतल्यागत बाजूला बसलो न्हाई आमी कदी. शिवाला ठावं हाय बाई कशी असते ते." वर्षाराणीला आनंदाची उकळी फुटली. "मग कापड दारात वाळत घातलं तर?" अव्वाचा हात खाली आला. मग पाकळी ताटलीत पडली. "विटाळ न्हाई म्हनून काय गावाला दाखवायचं व्हय? आपण न्हातो, तो बी विटाळ न्हाई. म्हनून चौकात न्हावं का? येड लागलं का तुला?" आणि कानडीत आणखी दोन शब्द घातले, ते वर्षाराणीला कळत नव्हते पण बसले. म्हणजे देव आड येत नव्हता. देव कधीचाच बाजूला झालेला. मग आड येतंय ते कोण? तिनं हा प्रश्न चार पावलं आणि वळण, चार पावलं आणि वळण, असा खूप फिरवला. बापाला म्हणजे अप्पाला लाज वाटेल म्हणावं, तर अप्पा दिवसभर रिक्षावर, त्याला दोरीवर काय आहे हे डोक्याला लागल्याशिवाय दिसत नाही. पोरं हसतील म्हणावं, तर पोरं नागुबाईच्या नवऱ्याच्या चड्डीलाही हसतात, म्हणून ती आत गेली का?

आणि मग तिला ती युक्ती सुचली, आणि सुचल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं हसली. पेटीत मायचं ते दुसरं लुगडं होतं, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं, अजून न फाडलेलं टोक शिल्लक. तिनं दातानं काठ तोडला, टर्रकन पट्टी फाडली, कापडाची घडी घातली, तांब्याभर पाण्यात बुडवून पिळली. कोरं करकरीत. यावर कधी काही लागलेलंच नाही, मग यात लाजायचं काय? दाराबाहेरच्या दोरीवर, अप्पाच्या खाकी शर्टाच्या आणि तिच्या ओढणीच्या मधे, बरोबर मधे, दोन चिमट्यांनी तिनं ते अडकवलं. वारा आला, कापड उडालं. झेंडावंदनाला जसं मैदानात उभं राहतात तशी ती मागं सरकून उभी राहिली.

अव्वा उंबऱ्यातून बघत होती. "ते कुनाचं?"

"माझं."

"तुझं?" अव्वा उठली, गुडघे धरत दोरीपाशी आली, कापडाचा कोपरा चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी बघितला. पन्नास वर्षं ही कापडं धुतलेली बाई ती. धुतल्यावर सुद्धा मधोमध एक फिकट तपकिरी सावली राहते, कितीही साबण लावा, ती जात नाही. हे मॅडमच्या तक्त्यात नाही, पण प्रत्येक बाईला ठाऊक आहे. "ह्यावर काईच न्हाई की," अव्वा म्हणाली. "हे तर कोरं. नाटकातल्या राजाच्या मुकुटागत." आणि परत जाऊन लसूण सोलू लागली. रागावली नाही, हसलीसुद्धा नाही. त्यानंच ते जास्त लागलं. उन्हात उभं राहून वर्षाराणीच्या मांड्यांमधून घाम उतरत होता आणि घाम लागला की आग दुप्पट. ती अजून तेच घालून होती, सकाळचं, ओलं. आणि बोळीत परकराखाली कालचं, अजून ओलंच. हे दोन आणि दोरीवरचं तिसरं. तिसरं किती आरामात होतं!

बाराला पाच कमी असताना स्कूटीचा हॉर्न वाजला. वर्षाराणीनं कापडाचा चिमटा सरळ केला. पण गल्लीच्या तोंडाशी सौदामिनी मॅडम एकट्याच होत्या, पदर खोचलेला, हेल्मेट हातात. "अगं, पाहुण्यांना नांदेडला जावं लागलं गं, तिकडं दोन वाजता बैठक. मला म्हणाल्या, तुम्ही फोटो पाठवा." त्यांनी तिथूनच मोबाईल उंच धरला. "अहाहा! किती स्वच्छ! उभी राहा ना शेजारी. हसून." वर्षाराणी शेजारी उभी राहिली. हसली. खर्रर्र असा आवाज आला, म्हणजे झालं. आता हे कापड कुठल्या तरी अहवालात जाणार, त्याखाली तिचं नाव येणार, नांदेडला कुणीतरी ते बघणार आणि मान हलवणार. मॅडम जवळ आल्या, तिच्या गालाला हात लावला. "ताप आहे का गं? गरम लागतेस." त्या क्षणी ते वाक्य अगदी दाताशी आलं होतं. मॅडम, मला चार महिने झाले. मला चालता येत नाही. तिथं सगळं सोललंय. पण मॅडमच्या हातात तो फोटो होता, आणि फोटोतली वर्षाराणी हसत होती, आणि तिच्या घरी तर उन्हातच वाळतं. उन्हात वाळणाऱ्या घरातल्या पोरीला पुरळ कसं येईल? "उन्हात उभी होते मॅडम," ती म्हणाली. मॅडम गेल्या. स्कूटीचा आवाज मिलच्या भिंतीला घासत घासत लांब गेला.

आणि मग काहीच उरलं नाही. कोणी येणार नव्हतं. युक्ती जिंकली होती. भिंतीपलीकडून मिलच्या पट्ट्यांचा घरघराट येत होता, तो दिवसभर असतोच, पण आत्ता ऐकू आला. भिंतीपलीकडं माय होती. मिलच्या मोठ्या फरशीवर, तेल-पाणी लावलेली तूर उन्हात पसरलेली, आणि बायका ओळीनं, साड्या वर खोचून, अनवाणी पायानं ती हलवत, सरळ रेघा पाडत जाणाऱ्या आणि परत आडव्या येणाऱ्या. वरची खाली, खालची वर. वर्षाराणी पाच वर्षांची असताना, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, घरी कोणी नसायचं म्हणून माय तिला सोबत न्यायची, पोत्यांच्या सावलीत बसवायची. डाळीचा पिवळा धूर, तोंडात, नाकात, मायच्या पापण्यांवर. मुकादम सिद्धेश्वर ओरडायचा, "महानंदाबाई, ओल राहिली तर माल काळा पडंल!" आणि माय मान वर न करता म्हणायची, "माझ्या हातचा माल पडला का कदी काळा?" नव्हताच पडला. फरशीवरची माय आणि घरातली माय या दोन वेगळ्या बायका होत्या. फरशीवरची माय मूठभर डाळ उचलून तिच्या चिमुकल्या ओंजळीत ओतायची. चटका बसायचा. "बघ, वाळली का?" मग एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळली. नुसता दबला तर आत ओल आहे, परत हलवा. वर्षाराणीला हा खेळ इतका आवडायचा की ती दिवसभर डाळीच चावायची आणि संध्याकाळी पोट दुखायचं. एवढी उन्हाची बाई, वीस वर्षं उन्हात उभी, ओलीचा वास दुरून ओळखणारी. आणि घरी आली की बोळीत शिरून परकराखाली हात घालते. हिला वास येत नसेल? येत असणार. येऊनही.

वर्षाराणी बोळीकडं गेली. आडवी होऊन शिरली, फ्रॉक भिंतीला घासला, परकराखाली हात घातला. गार. तिनं झटकलं, इंगळी नव्हती. बाहेर उजेडात आणल्यावर ती जरा दचकली, कारण तिनं स्वतःचं कापड आजवर उजेडात असं बघितलेलंच नव्हतं. मधोमध ती फिकट सावली. कडेला बुरशीचे काळे ठिपके, राईएवढे. हे मी अंगाला लावते. तिला वाटलं होतं किळस येईल, पण आला तो राग, आणि कोणावर ते कळेना. तिनं राखून ठेवलेल्या पाण्यातली अर्धी बादली घेतली, अव्वा "अगं पाणी, पाणी!" करत राहिली, साबण घासला, पिळलं, परत घासलं. सावली गेली नाही. ठिपके थोडे गेले. मग दोरीवरचं कोरं कापड तिनं काढलं, घडी करून खांद्यावर टाकलं, आणि त्याच दोन चिमट्यांत हे लावलं. टाळ्या नव्हत्या. बघायला चष्मेवाल्या बाई नव्हत्या. नुसतं ऊन होतं, बाराचं, डोक्यावर. गल्लीत चिटपाखरू नाही आणि तरी तिला वाटत होतं की प्रत्येक पत्र्याच्या फटीला डोळा आहे. पळून आत जावं, असं पाय म्हणत होते. ती गेली नाही, पण धीट होऊन उभीही राहिली नाही. ओढणीच्या मागं उभी राहिली, अर्धी.

नागुबाई घागर घेऊन निघाली होती ती थांबली. आधी कापडाकडं, मग ओढणीमागच्या पायांकडं. "कोन हाय गं तिकडं? हे काय मांडलंय दारात? पुरुषमानसं येतात-जातात, लाजबिज हाय का न्हाई?" वर्षाराणीचा आवाज आला तो बेडकाचा आला, पण आला. "मावशी, तुमच्या खांबावरची चड्डी आधी काढा. मग बघू." नागुबाईचा आ झाला. उंबऱ्यात अव्वाला ठसका लागला, लसणाचा की हसण्याचा ते कळलं नाही. "थांब, येऊ दे तुझ्या मायला," नागुबाई म्हणाली आणि घागर कमरेवर तशीच ठेवून मिलच्या फाटकाकडं चालू लागली.

एक वाजता मिलचा भोंगा झाला. माय नेहमी दहा मिनिटांनी येते, आज चारच मिनिटांत आली. महानंदा अशी चालत येताना लांबून पिवळी दिसते, डोक्यावरच्या फडक्यापासून टाचांपर्यंत, डाळीची पूड बसलेली. मागं नागुबाई. जे जे वर्षाराणी म्हणणार होती, जंतू, ऊन, आरोग्य खातं, ते सगळं माइकसोबत शाळेतच राहिलं होतं. माय दोरीपाशी थांबली. कापडाकडं बघितलं. मग वर्षाराणीकडं, चेहऱ्याकडं नाही, पायांकडं; फाकलेल्या, सांभाळून उभ्या असलेल्या पायांकडं. बराच वेळ.

"किती दिस झाले?" माय म्हणाली.

"काय?"

"अशी चालतीस ते. मला वाटलं नवीन चपला चावत्यात."

"चार महिने," वर्षाराणी म्हणाली, आणि तिला रडू आलं, टाळ्यांसारखं एकदम, भरघोस.

मायनं हात पुढं केला. वर्षाराणीला वाटलं, ओढून काढणार. मायनं कापडाला वरून बोट लावलं, मग खालून लावलं, डोळे बारीक केले, अगदी फरशीवर करते तसे. "वरून वाळलंय नुसतं," ती म्हणाली. "आत ओल हाय." तिनं दोन्ही चिमटे काढले, कापड उलटं केलं, दोन्ही हातांनी ताणून सुरकुती मोडली आणि परत लावलं. त्या तपकिरी सावलीची बाजू आता गल्लीकडं होती. मग फडकं झटकलं, पिवळा धूर उडाला, आणि माय डबा घेऊन आत नाही गेली, तिथंच दोरीखाली, दाराच्या दगडावर बसली आणि भाकरी मोडली. "सोमवारी सुट्टी टाकते," ती घास घेत म्हणाली. "सरकारी दवाखान्यात जाऊ. बाई डॉक्टर असंल तीच बघंल, रडू नको."

"आगं महानंदा," नागुबाई अजून तिथंच होती. "मी सांगाया आले, तर तू बी? हे काय चाललंय तुमचं?"

"वाळतंय," माय म्हणाली.

एवढंच. नागुबाई घागर घेऊन नळाकडं गेली, जिथं पाणी गुरुवारी येणार होतं. माय जेवत राहिली. गल्लीतून एक सायकल गेली, एक रिक्षा गेली, मायनं प्रत्येक वेळी मान वर केली आणि प्रत्येक वेळी परत भाकरीकडं नेली. भोंगा पुन्हा व्हायला आला तेव्हा माय उठली, हात धुतले, पदराला कोरडे केले, आणि कापड काढून तिच्या हातात दिलं.

"बघ, वाळलं का?"

चटका बसला. कडक झालं होतं, पापडासारखं, घडीवर उभं राहत होतं. दाताखाली धरता येण्यासारखी ही वस्तू नव्हती, म्हणून वर्षाराणीनं ते गालाला लावलं. ओल्या पोत्याचा वास शोधला. उन्हाचा येत होता.

"वाळलं," ती म्हणाली, आणि आत बदलायला गेली.